तिथे दाटी होणार नाही

गुरुवारी सकाळी तुम्ही गेलात. शुक्रवारी आम्ही कोपऱ्यातली कबर उघडली. तिच्यात कोणी नव्हतं.

फादर आंद्रू, मेलेल्या माणसाला बातमी सांगायची नसते हे मला कळतं. पण इतकी वर्षं रोज संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसून मी दिवसभरात घडलेलं तुम्हाला सांगत आलो, आणि तुम्ही ते माझ्याच मराठीत मला परत सांगत आलात, चुका काढून घेत. ही सवय एका आठवड्यात जाणारी नाही. म्हणून लिहितो आहे. शिवाय मला एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही. कबर रिकामी आहे हे तुम्हाला माहीत होतं का?

तुम्ही आलात तेव्हा लढाई संपून थोडाच काळ झाला होता. स्टेशनवरून टांग्यात तुम्ही आणि तुमची पेटी, आणि मांडीवर एक छत्री. तुम्हाला पाहून बाया कुजबुजल्या, "किती बारीक हाय. पहिल्या पावसाळ्यात जाईल." तुम्ही गेला नाहीत, पण जायच्या बेतात होतात. हे गावाला कळलं नव्हतं. मला कळलं होतं, कारण मी तुम्हाला मराठी शिकवत होतो, आणि शिकणारा माणूस आपल्याजवळच्या शब्दांत जे सांगता येईल तेवढंच सांगतो. तुमच्याजवळ तेव्हा थोडेच शब्द होते. तुम्ही म्हणालात, "मास्तर, मी जेवतो तेव्हा आवाज फक्त माझा होतो."

चार महिने पाऊस. वाड्या पाण्यात, केळीची पानं फाटलेली, मोठे फादर कामानिमित्त सतत बाहेर. तुम्ही देवळात मिसेची प्रार्थना करत होतात, आजाऱ्यांना भेटत होतात. लोक तुमच्या हाताचं चुंबन घेत आणि घरी जात. कुणी वाईट वागत नव्हतं. पाहुण्याशी वागावं तसं सगळं गाव तुमच्याशी वागत होतं, आणि पाहुण्याला कुणी भांडण सांगत नाही, उष्टं ताट दाखवत नाही, आपल्या बायकोची तक्रार करत नाही. तुम्ही परत जाण्याची परवानगी मागितली. ती आलीसुद्धा. नोव्हेंबर झाला की मुंबईहून बोट. पेटी तुम्ही भरायला घेतली होती. तुम्ही माझ्याकडून घेतलेली पुस्तकं परत केलीत, त्यावरून मी ओळखलं.

मग मृतांचा दिवस आला.

आपल्याकडे त्या दिवसाआधी काय होतं ते तुम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिलंत. पावसाळाभर कबरींवर गवत माजलेलं असतं आणि माती खचलेली असते. घरोघरची माणसं कोयते आणि घमेली घेऊन येतात, गवत काढतात, नवी माती चढवतात, चोपून सारवतात. दोन दिवसांत जुनी कबर आणि परवाची कबर यांत फरक कळेनासा होतो. सगळे मेलेले एकाच वेळी मेल्यासारखे दिसतात. मग त्या दिवशी संध्याकाळी फुलं, मेणबत्त्या, आणि जो तो आपल्या माणसापाशी जाऊन बसतो. प्रार्थना संपली तरी कुणी उठत नाही. माणसं तिथंच बसून बोलतात. भात किती झाला, कुणाच्या मुलीला कुठलं स्थळ आलं, ते मेलेल्यांच्या देखत बोललं जातं.

तुम्ही सगळ्या कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरलात, आणि फिरून झाल्यावर दारापाशी उभे राहिलात. मी माझ्या वडिलांपाशी बसलो होतो, तिथून तुम्ही दिसत होतात. इतक्या माणसांत उभे असलेले तुम्ही एकटेच होतात. तुम्हाला बसायला जागाच नव्हती.

मोनीमाय उठली. दफनभूमीच्या भिंतीला लागून तिचं घर, भिंतीपलीकडे तिची वांगी. ती कुणालाही काहीही बोलायची, बिशपांनासुद्धा बोलली असती. ती तुमच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"फादर, तुमी दारात का? जायचं हाय?"

"मी इथेच बरा आहे, माय."

"बरा कसा? मातीत आपलं कुणी नाय म्हणून असं होतं. आमी तुमाला इतके दिवस जेवाय घालतो, पण ते काय, पाहुण्यालापन घालतो. चला माज्यासंगं."

तिनं तुमच्या झग्याची बाही धरली. गावात कुणी कधी फादरच्या बाहीला हात लावला नव्हता. ती तुम्हाला पार कोपऱ्यात घेऊन गेली, चिंचेखाली, जिथे एक कबर होती आणि तिच्यावर नाव नसलेला लाकडी क्रूस होता.

"लढाईत अर्नाळ्याच्या किनाऱ्याला एक माणूस लागला. कुठल्या जहाजावरचा ते ठाव नाय. त्याला कुणी नाय, तुमाला कुणी नाय. घ्या. हा तुमचा."

"माझा?" तुम्ही विचारलंत.

"तर काय माजा? माजे पाच हायत, मला पुरे झाले."

पलीकडे पास्कूबाबा आपल्या बायकोच्या कबरीपाशी विडी ओढत बसले होते. ते म्हणाले, "घ्या फादर, घ्या. मोनीमाय कुणाला कोथिंबिरीची काडी फुकट देत नाय. आज माणूस देतेय." लोक हसले. तुम्हीही हसलात आणि खाली बसलात.

खाडीवरून वारा आला तेव्हा सगळ्या मेणबत्त्या विझल्या. हे दर वर्षी होतं, लोक पुन्हा लावतात. त्या वर्षी तुमच्या कोपऱ्यातली विझली नाही. चिंचेच्या बुंध्याचा आडोसा होता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. नंतर दर वर्षी मी त्या आडोशाकडे पाहत आलो. वारा बुंध्याच्या बाजूनं येतच नाही, फादर.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ओट्यावर आलात, पुस्तक उघडलं नाही, आणि म्हणालात, "काल मी आमच्या भाषेत बोललो. इथे आल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं." मग थोड्या वेळानं, "मला वाटलं, तो ऐकतो आहे."

बोट गेली. तुम्ही त्या बोटीवर नव्हतात.

त्यानंतर जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. जिच्या घरात मयत झालं होतं अशी बाई वाटेत तुम्हाला थांबवून सांगू लागली, "माज्या माणसाला फुलं ठेवली तशी तुमच्यालापन ठेवली." लग्नाआधी लोक दफनभूमीत जाऊन आपल्या मेलेल्यांना आमंत्रण देतात, तेव्हा जाता जाता कोपऱ्यातही थांबू लागले: "फादरच्या माणसा, तूपन ये." मग त्याच घरचे लोक फादरकडे येऊन आपली भांडणं सांगू लागले. पास्कूबाबांनी सुनेची तक्रार केली आणि सुनेनं पास्कूबाबांची केली, आणि दोघांनी तुम्हाला सांगितलं की दुसऱ्याला कळू देऊ नका. तुमच्या ताटात उष्ट्या पातेल्यातलं कालवण पडू लागलं. तुमचं नाव अंद्रेस होतं, त्याचं आंद्रू झालं. एकदा भर रस्त्यात एक बाई तुमच्यावर ओरडली, कारण तुमच्या सायकलनं तिची कोंबडी मारली होती. तुम्ही ओट्यावर आलात तेव्हा तुमचा चेहरा फुलला होता. "मास्तर, ती मला मेल्या म्हणाली!"

निर्मळचे दामूअण्णा, ज्यांची फुलांची बाग होती, ते मृतांच्या दिवशी झेंडूची पाटी पाठवू लागले. तुम्ही त्यांना विचारलंत, तुम्ही हिंदू, तुम्हाला या कबरीचं काय? ते म्हणाले, "आम्ही पितृपक्षात आपल्या नावांनी पाणी देतो, आणि शेवटी ज्यांचं कुणी नाही त्यांनाही देतो. मग फुलं द्यायला काय झालं?" तुम्ही हे माझ्याकडून दोनदा समजावून घेतलंत.

आणि मग ती भावाची गोष्ट. मोनीमायनं एकदा मिसेनंतर सगळ्यांसमोर म्हटलं, "फादर, तुमच्या भावाच्या कबरीवर मुंग्या झाल्यात, राख टाका." तुम्ही तिथंच थांबलात. त्या संध्याकाळी तुम्ही मला विचारलंत, "मास्तर, तुम्ही तिला सांगितलं?"

"काय?"

तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलंत, की तुमचा धाकटा भाऊ मासेमारीच्या होडीवर गेला होता आणि होडी परत आली नाही. मृतदेह मिळाला नाही. तुमची आई दाराला कडी लावत नसे. मला हे माहीत नव्हतं, गावात कुणालाच माहीत असण्याचं कारण नव्हतं. आपण दोघे मोनीमायकडे गेलो. ती वांगी तोडत होती.

"माय, तू भाऊ का म्हणालीस?"

"मग काय म्हणू? बाप म्हणू? तुमच्याच वयाचा दिसत होता." आणि ती वांगी तोडत राहिली.

तेव्हापासून गाव त्याला फादरचा भाऊ म्हणू लागलं. तुम्ही कधी नाकारलं नाहीत. आपला वाद तिथून सुरू झाला.

निर्मळच्या जत्रेहून परत येताना, गास गावच्या वाटेवर, उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी खात आपण तो वाद घातला होता, तेवढा एकच मला पूर्ण आठवतो. मी म्हणालो होतो, फादर, तुम्ही शिकलेले आहात. समजा उद्या कळलं की तो ख्रिस्ती नव्हता, खलाशी नव्हता, चोर होता. मग तुमची इतक्या वर्षांची प्रार्थना कुणाकडे गेली?

तुम्ही म्हणालात, "तुम्ही इतकी पुस्तकं वाचता. वाचताना उठून पाहता का, लिहिणारा घरी आहे की नाही?"

मी म्हणालो, हे उत्तर झालं नाही. लिहिणारा कधीतरी होता.

"बरं. मग असं समजा की माझ्या आईनं कडी काढून ठेवली होती, ती चूक होती का? कुणी येत नव्हतं. पण त्या दारामुळे आमच्या घरात वाऱ्याबरोबर शेजारी यायचे, भिकारी यायचे, मांजरं यायची. तिच्यापाशी सतत कुणीतरी असायचं."

मी म्हणालो, ती फसत होती. तुम्ही सुकेळी बांधलेलं पान दुमडून खिशात ठेवलंत आणि पुढे चालू लागलात. पुन्हा कधी तरी पुढे बोलू, असं मी धरून चाललो होतो.

आणखी एक गोष्ट आपण पुरती बोललो नाही. कबर सकाळी झाडलेली असायची. चिंच सतत पानं गाळते, शेजारच्या कबरी पानांनी भरून जायच्या आणि ती एक स्वच्छ, झाडूच्या खुणा ओल्या मातीत दिसायच्या. तुम्हाला वाटायचं मी झाडतो. मला वाटायचं तुम्ही. एकदा बोलण्यातून कळलं की दोघेही नाही, तेव्हा आपण हसलो आणि म्हणालो, मोनीमाय. मग मोनीमाय गेली. तिला पुरून आपण परत फिरलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शाळेत आलात, वर्ग चालू असताना, खिडकीपाशी उभे राहिलात आणि फक्त मान हलवलीत. मला समजलं. कबर झाडलेली होती.

तुमचा ताप उतरेना तेव्हा मी रोज बसायला येत होतो. तुम्ही मध्येच तुमच्या भाषेत बोलत होतात, मध्येच आपल्या. एका दुपारी तुम्ही अगदी शुद्धीवर होतात. तुम्ही म्हणालात, "मास्तर, मला देवळासमोर दगडाखाली ठेवतील. मला तिथे नको. कोपऱ्यात ठेवा."

मी म्हणालो, त्याच्या शेजारी?

"शेजारी नको. त्याच्याच कबरीत. इथे तसं करतात ना, एकाच्या कबरीत दुसरा?"

करतात, म्हणालो. एकाच घरातल्यांना करतात.

"मग झालं." तुम्ही हसलात. "काळजी करू नका. तिथे दाटी होणार नाही."

मला वाटलं, तो तुमचा विनोद आहे.

मी बोलका माणूस नाही, हे तुम्हाला माहीत आहे. सभेत मी मागे बसतो. पण तुम्ही गेलात त्या दिवशी मोठे फादर देवळासमोरची जागा दाखवत होते, दगड कुठे बसेल ते मोजत होते, आणि तुमचं ते बोलणं ऐकलेला मी एकटाच होतो. मी बोललो नसतो तर ते कुणालाच कळलं नसतं. मी उठलो. माझा आवाज मला परका वाटला.

मोठे फादर म्हणाले, "मास्तर, धर्मगुरूला एका बेवारशी माणसाच्या कबरीत? लोक काय म्हणतील?"

पास्कूबाबा काठी टेकत पुढे आले. "लोक हेच म्हनतील, मोठे फादर, की भावाला भावापाशी ठेवलं. ते तुमच्या दगडाखाली एकटे काय करतील? आयुष्यभर एकटे जेवले नाय ते आमच्यात आल्यावर."

कुणीतरी मागून म्हणालं, "पहिल्या पावसाळ्यात जेवले." आणि बाया रडू लागल्या, कारण त्यांना ते आठवत होतं. मोठे फादर मोजायची दोरी गुंडाळू लागले. मग म्हणाले, "ठीक आहे."

शुक्रवारी खणायला सुरुवात झाली. वरचा थर काळा निघाला, गाळासारखा. हातभर खाली पिवळी माती लागली, घट्ट, मुळं गुंतलेली. खणणारे थांबले. मी वाकून पाहिलं. चिंचेची मुळं त्या मातीतून सरळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती, कुठेही तुटलेली नव्हती. जिथे माणूस पुरला असेल तिथे मुळं अशी जात नाहीत. ते पुरेसं खोल गेले. हाड नाही, बटण नाही, खिळा नाही.

"उठून गेला की काय?" एकानं म्हटलं. कुणी हसलं नाही. मोठे फादर मला उद्देशून अगदी हळू म्हणाले, "खारी माती हाडं खाते." मग त्यांनी प्रार्थना सुरू केली, आणि आम्ही तुम्हाला त्या मातीत ठेवलं, जी त्या दिवसापर्यंत कधी उघडलीच नव्हती.

आठवडाभर मी विचारत फिरलो. सगळ्यांना त्या बुडालेल्या माणसाचं दफन आठवतं. पास्कूबाबांना निळा सदरा आठवतो. दुसऱ्यांना शिडाच्या ओल्या कापडात गुंडाळलेलं ओझं आठवतं, चौघांच्या खांद्यावर. आणि फादर, मलाही आठवतं. मी शाळा सोडून भिंतीपाशी उभा होतो, घंटा वाजत होती, कापडातून पाणी ठिबकत होतं, आणि बाहीचा तुकडा दिसत होता, निळा. हे मी तुम्हालाही कधीतरी सांगितलं होतं.

काल मोनीमायची मुलगी रेजीन माझ्या ओट्यावर आली. टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "मास्तर, उगी शोधत फिरू नका. ती कबर आयनं केली."

"केली म्हणजे?"

"आमची विहीर उपसली होती, तो गाळ भिंतीच्या आत कोपऱ्यात टाकलेला. आयनं आदल्या दिवशी त्याला आकार दिला, चोपलं, सारवलं. सगळेच सारवत होते, कुणाचं लक्ष जातंय? क्रूस आमच्या मोडक्या खाटेचा. तिनं फादरला पेटी भरताना पाहिलेलं. म्हनाली, फादर चाललाय, त्याला अडकवायला इथं कायतरी पायजे."

"आणि अर्नाळ्याला लागलेला माणूस?"

"कुणी लागला नव्हता. तिनं ते उभ्या उभ्या सांगितलं."

 मी म्हणालो, "रेजीन, सगळ्या गावाला त्याचा निळा सदरा आठवतो."

तिनं टोपली उचलली. डोक्यावर नीट बसवली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मलापन आठवतो, मास्तर."

मी वादात हरलो असं म्हणत नाही. मी अजूनही म्हणेन की कुणी नसलेल्या जागेपाशी बसणं म्हणजे फसणं. पण त्या जागेपाशी तुम्ही बसलात म्हणून आम्ही तुमच्यापाशी बसलो. माझ्या वडिलांनंतर मी मोठ्यानं वाचून दाखवावं असं कुणी नव्हतं, तुम्ही ऐकलंत. मी लग्न केलं नाही, तरी माझ्या ओट्यावर दुसरा पाट कायम मांडलेला असायचा. हे मी तुमच्या हयातीत बोललो नाही. तुम्हीही मला विचारलं नाहीत, की मास्तर, तुमचं इथे कोण आहे. ते तुम्हाला ठाऊक होतं.

दाटी होणार नाही, असं तुम्ही म्हणालात. तुम्हाला कधी कळलं? मोनीमायनं सांगितलं तेव्हा, की पहिल्याच दिवशी, तिनं तुमची बाही सोडली तेव्हाच? आणि कळल्यावरही तुम्ही तिथे बसून तुमच्या भाषेत बोलत राहिलात, तर ऐकत कोण होतं?

पाट मी अजून उचललेला नाही. कबरीत आता एक माणूस आहे. क्रूसावर नाव घालायचं आहे. मी सकाळी झाडू घेऊन जातो, मातीत झाडूच्या खुणा आधीच असतात, आणि तो तसाच परत आणतो.